जंगल नसलेल्या जिल्ह्यातला वाघ

लातूर जिल्ह्यात जंगल किती? भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात हा आकडा शोधायला जावं, तर तो जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा एक टक्काही भरत नाही. ७,१५७ चौरस किलोमीटरचा जिल्हा आणि त्यात झाडोरा म्हणजे भाकरीवर तीळ सांडावेत तसा. नांदेडचं त्या मानानं बरं. किनवट-माहूरकडे सागाचं रान आहे, पैनगंगेच्या काठाला अभयारण्य आहे. पण मुखेड, कंधार, लोहा ही बाजू पुन्हा लातूरचीच भावंडं. खाली काळी जमीन, वर मुरमाड माळ आणि बालाघाटाच्या उघड्या टेकड्या. अशा मुलखातल्या माणसानं वन्यजीव वाचवण्याच्या शास्त्राविषयी बोलायचं, म्हणजे वाळवंटातल्यानं नावेचे गुण सांगितल्यासारखं कुणाला वाटेल. त्यात मी कवी माणूस. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकाच्या चित्रापलीकडे गेला नाही.

पण माझं म्हणणं असं की या शास्त्राचा इतिहास समजून घ्यायला आपला उघडा मुलूख फार सोयीचा आहे. संवर्धन जीवशास्त्र नावाचं हे शास्त्र गेली काही दशकं हळूहळू जंगलाच्या बाहेर पडत आलंय. राखीव रानाचं कुंपण ओलांडून ते माळावर आलं, गायरानात आलं, शेताच्या बांधावर आलं. म्हणजे आपल्या दारात आलं.

सुरुवात बंदुकीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी दख्खनमध्ये आले आणि त्यांनी इथल्या पशुपक्ष्यांच्या याद्या केल्या. कर्नल विल्यम साइक्स हा त्यातला एक मोठा माणूस. मुंबई सरकारसाठी त्यानं दख्खनची खानेसुमारी केली आणि १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादीही छापली. त्यानं माळढोकाविषयी लिहून ठेवलंय की हा पक्षी दख्खनमध्ये सर्रास दिसतो आणि एका साहेबानं एकट्यानं हजारभर माळढोक मारलेत. हजार! आज सगळ्या जगात मिळून इतके माळढोक उरलेले नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत.

या नावाशी क्षणभर थांबू या. ढोक म्हणजे बगळा-करकोच्यासारखा उंच पायांचा पक्षी. माळावरचा ढोक तो माळढोक. त्याचं दुसरं मराठी नाव हूम, नराच्या घुमण्यावरून आलेलं. उर्दूत त्याला तुगदार म्हणतात. ज्या पक्ष्याला इतकी नावं, तो लोकांच्या रोजच्या नजरेतला असणार. आज लातूरच्या कॉलेजातल्या मुलांना यातलं एकही नाव माहीत नसलं तर मला नवल वाटणार नाही. पक्षी आधी जातो, नाव मागून जातं.

शिकारीच्या यादीपासून शास्त्रापर्यंतचा पहिला मोठा टप्पा आपल्याच भागातून गेला. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, उदगीर-निलंगा बिदर जिल्ह्यात. या हैदराबाद राज्यातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी १९३१-३२ मध्ये झाली. ती करणारा तरुण त्या वेळी बेकार होता. त्याचं नाव सलीम अली.

सलीम अलींची लहानपणची चिमणीची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. खेळण्यातल्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. आत्मचरित्रात ते सांगतात की हा वेगळाच पक्षी मुसलमानाला खायला चालतो की नाही, अशी त्यांच्या बालमनाला शंका आली. म्हणून त्यांनी ती चिमणी मामा अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. मिलार्डनं कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि पोरगा कायमचा त्यात अडकला. हलाल-हरामच्या एका शंकेतून भारताला त्याचा सर्वात मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला, असं म्हणायला मला आवडतं. इतिहास इतका सरळ नसतो हे मान्य.

कॉलेजची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझमान या प्राध्यापकाकडे ते शिकून आले, तर इथली संग्रहालयातली नोकरी पैशाअभावी संपलेली. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात सुगरणीची घरटी बघत बसले. मारून, सोलून, चिठ्ठी लावून ठेवण्याऐवजी जिवंत पक्षी काय करतो ते दिवसचे दिवस पाहायचं, हे तेव्हा नवीनच होतं. त्यांना दिसलं की घरटं नर विणतो, मादी येऊन ते तपासते आणि पसंत पडलं तर राहते. नर मग दुसरं घरटं विणायला घेतो. आपल्या भाषेनं या पक्ष्याला बाईचं नाव दिलं, कवींनी तिच्या हातच्या कसबाचं कौतुक केलं, आणि विणकर निघाला तो बाप्या! आम्हा कवींना अशा माहितीचा थोडा त्रास होतो.

पोटासाठी सलीम अलींनी संस्थानांपुढे एक योजना ठेवली. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो, मला पगार नको, मुक्कामाचा आणि फिरण्याचा खर्च तेवढा द्या. निजाम सरकारनं ते मान्य केलं. पत्नी तहमिना सोबत, बैलगाड्या, तंबू, असा हा संसार हैदराबाद राज्यात फिरला. पक्षी मारले जात, त्यांची मापं घेतली जात, कातडी जपून ठेवली जात. अहवाल १९३३ पासून सोसायटीच्या जर्नलमधून क्रमानं छापून आला. कुठला पक्षी कुठं राहतो, कोणत्या महिन्यात राहतो, काय खातो, हे या मुलखापुरतं प्रथमच एका जागी आलं. वाचवायचं असेल तर काय आहे ते आधी माहीत हवं. त्या अर्थानं आपल्या भागातल्या संवर्धनाच्या शास्त्राची पहिली पाटी इथं लिहिली गेली. मात्र वाचवण्याची गरज आहे, असं त्या काळी फार थोड्यांना वाटत होतं. रान अमाप आहे, हीच सगळ्यांची समजूत होती. राजांचीही आणि रयतेचीही.

हा समज मोडायला चाळीस वर्षं लागली. १९७२ साल मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला कशासाठी आठवतं ते सांगायला नको. दुष्काळाची खडी, सुकडी, चाऱ्याविना मेलेली जनावरं, हे घराघरात सांगितलं गेलंय. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. माणसं खडी फोडत होती तेव्हा संसद काळविटांचा कायदा करत होती, असं कुणी उपरोधानं म्हणू शकेल. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या विरुद्ध नाहीत. दुष्काळानंतर सरकारनं अवर्षणप्रवण क्षेत्रांसाठी कार्यक्रम आखला. सोलापूरजवळ नान्नजला त्याच कार्यक्रमात काही माळ राखले गेले, तिथं गवत वाढवलं गेलं. गवत वाढलं तसे माळढोक तिथं टिकले. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्यांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. माणसांच्या दुष्काळासाठी केलेलं काम पक्ष्याच्या उपयोगी पडलं, हे सरकारच्या ध्यानीमनीही नसेल.

पुढं मात्र घोटाळा झाला. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, तेही ८,४९६ चौरस किलोमीटरचं. आख्ख्या लातूर जिल्ह्याहून मोठं! सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावं, बाजारपेठा, उसाचे फड, एस.टी. स्टँड, सगळं अभयारण्यात. नकाशावर रेघ ओढणाऱ्यांना वाटलं असेल, जितकी मोठी रेघ तितकं मोठं पुण्य. प्रत्यक्षात शेतकऱ्याला जमिनीचा व्यवहार करायचा, विहीर खोदायची, रस्ता करायचा, तर अभयारण्य आडवं येऊ लागलं. ज्या पक्ष्याला पिढ्यान्‌पिढ्या कुणी शत्रू मानलं नव्हतं, तो लोकांच्या रागाचा धनी झाला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन शेवटी २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर तिथले माळढोक बोटांवर मोजण्याइतके झाले होते. आता नान्नजला एखादा दिसला तरी ती बातमी होते.

या तीस वर्षांत शास्त्र मात्र झोपलेलं नव्हतं. १९८१ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं माळढोकाचा अभ्यास हाती घेतला. अलीगढहून आलेले असद रहमानी हे त्यातलं प्रमुख नाव. ते आणि त्यांचे सहकारी मध्य प्रदेशातल्या करेऱ्याला, राजस्थानात, नान्नजला दिवसचे दिवस माळावर बसले. त्यातून कळलं ते असं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, तो सावकाश वाढतो. टोळ, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, सरडे, जे मिळेल ते हा पक्षी खातो. त्याला फक्त राखीव कुरण पुरत नाही. आसपासची ज्वारी, तूर, करडई, भुईमुगाची कोरडवाहू शेतंही त्याच्या घराचा भाग असतात. म्हणजे आपल्या आजोबांची शेती त्याला चालत होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, तारांचं जाळं आलं, ते त्याला चालेना. हा जड पक्षी, समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि उडताना वेळेवर वळता येत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आपटून मरतो.

१९६९ मध्ये देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास, तेही मुख्यतः राजस्थानात. सलीम अलींनी हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून प्रयत्न केला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. मोर सुंदर आहे, तक्रार नाही. पण माळढोक राष्ट्रीय पक्षी झाला असता तर माळाकडे बघण्याची आपली नजर बदलली असती का, हा विचार मनात येतो.

आता जरा दूर, अमेरिकेत जाऊन येऊ. १९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोघांनी बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. बेट जितकं लहान आणि किनाऱ्यापासून जितकं दूर, तितक्या तिथं जाती कमी. जी जात नष्ट होते तिची जागा भरायला बाहेरून कुणी सहज येऊ शकत नाही. हे समुद्रातल्या बेटांविषयी होतं. पण वाचणाऱ्यांच्या लगेच लक्षात आलं की शेतांच्या आणि शहरांच्या मध्ये उरलेलं रानही बेटच आहे. सोयाबीनच्या समुद्रातलं बेट, उसाच्या समुद्रातलं बेट.

१९७८ मध्ये मायकेल सूले या जीवशास्त्रज्ञानं सॅन दिएगोला संवर्धन जीवशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. पुढं तो विद्यापीठ सोडून काही वर्षं एका झेन बौद्ध केंद्रात जाऊन राहिला, मग पुन्हा शास्त्राकडे आला. १९८५ मध्ये या विषयाची संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी त्यानं एक लेख लिहिला. संवर्धन जीवशास्त्र म्हणजे काय, हा त्याचा विषय. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात.

एक, त्यानं याला आणीबाणीचं शास्त्र म्हटलं. शरीरशास्त्राला शस्त्रक्रिया जशी, तसं जीवशास्त्राला हे. सगळी माहिती हाती येईपर्यंत थांबायला वेळ नसतो. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पोचलेल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्यांची वाट पाहिली नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त धाडसाची. सूलेनं लेखात उघडपणे लिहिलं की जीवांची विविधता चांगली आहे, आणि ती चांगली आहे हे आमच्या शास्त्राचं गृहीत आहे. शास्त्रज्ञ सहसा ‘चांगलं’ हा शब्द वापरत नाहीत. काय आहे ते सांगतात, काय असावं ते इतरांवर सोडतात. हे शास्त्र पहिल्या दिवसापासून बाजू घेऊन उभं राहिलं. त्यात ताकद आहे, आणि धोकाही आहे. कारण चांगलं कुणासाठी, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

भारतात हा प्रश्न भरतपूरला रक्त सांडून विचारला गेला. केवलादेवचं पक्ष्यांचं तळं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८२ मध्ये तिथं म्हशी चारायला बंदी आली. बंदीच्या बाजूनं खुद्द सलीम अली होते. गावकरी विरोधात उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनंच तिथं जवळपास दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पक्ष्यांचंच नुकसान झालं. म्हशी त्या तळ्याच्या व्यवस्थेचा भाग होत्या. ज्या संस्थेच्या सर्वात मोठ्या माणसानं बंदीला पाठिंबा दिला, त्याच संस्थेनं हे छापून जाहीर केलं, याला मी शास्त्राचा खरेपणा म्हणतो. मेलेली माणसं त्यानं परत आली नाहीत, हेही तितकंच खरं.

शास्त्राच्या वाटचालीतला आणखी एक प्रसंग आपल्या गोठ्यापर्यंत येतो. १९९० च्या दशकात गिधाडं दिसेनाशी झाली. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात आकाश भरून येई, ते आकाश रिकामं झालं. भरतपूरला विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. आधी रोगाचा संशय होता. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खरं कारण सिद्ध केलं. ते होतं डायक्लोफेनॅक, म्हणजे लंगडणाऱ्या बैलाला, तापलेल्या म्हशीला टोचायचं साधं दुखण्याचं औषध. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एखादंच उरलं होतं. इथं कुठलंही अभयारण्य कामाला आलं नसतं. औषध गावच्या दुकानात होतं आणि टोचणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

म्हणजे बघा, शास्त्र शिकत शिकत कुठं येऊन पोचलं. कुंपणाच्या आत काय आहे, यापेक्षा दोन कुंपणांच्या मध्ये काय आहे, या प्रश्नावर. आणि आपल्या लातूर-नांदेडात तर सगळं मधलंच आहे.

या मधल्या जमिनीला सरकारी भाषेत पडीक म्हणतात. २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा एक मोठा नकाशासंग्रह निघाला, त्यात कितीतरी गवताळ माळ पडीक म्हणून रंगवले गेले. पडीक म्हटलं की काहीतरी लावायची खुमखुमी येते. कर्नाटकात राणेबेन्नूरच्या माळढोकाच्या रानात निलगिरी लावली गेली. झाडं उभी राहिली आणि पक्षी गेला. आपल्याकडे वृक्षलागवडीचे कोटी-कोटींचे आकडे जाहीर होतात, २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडांचं लक्ष्य होतं. झाडाच्या विरोधात बोलणं म्हणजे आईच्या विरोधात बोलण्यासारखं, याची मला कल्पना आहे. लातूरला सावली हवी, रस्त्याकडेला वड-लिंब हवेत, याबद्दल वाद नाही. पण मुरमाड माळावर खड्डे करून गिरिपुष्प लावणं म्हणजे काळवीट, लांडगा, चंडोल यांचं घर मोडणं आहे. गवत हीच ज्या जमिनीची पूर्ण वाढ, तिला अर्धवट जंगल समजू नये.

आणि आता अवघड जागी येतो. आपल्या भागात उरलेला माळ म्हणजे बहुतेक गायरान. गायरान रिकामं नाही. तिथं धनगराची मेंढरं चरतात. तिथं भूमिहीन माणसानं दगड वेचून, मुरूम हटवून दोन एकर कसायला घेतलेलं आहे. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत दादासाहेब गायकवाडांच्या हाकेनं हजारो माणसं तुरुंगात गेली, ती अशा जमिनींसाठी. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी जमीन अधिकाराची चळवळ गावोगाव नेली. राज्य सरकारनं १९९१ च्या निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचं मान्य केलं, तरी आजही अनेकांचा सातबारा कोरा आहे. या माणसाला उठवून तिथं काळविटांना जागा करावी, असं कुणी शास्त्राच्या नावानं सांगू लागलं तर मी त्याच्या बाजूनं उभा राहणार नाही. भरतपूर आणि नान्नज पाहिलेल्या शास्त्रानंही राहू नये. गायरानं सगळ्यात जास्त कुणी गिळली ते गावात फिरून बघा. इमारती, उपकेंद्रं, खाणी, बड्या लोकांची कुंपणं, आता सौर पॅनेलच्या रांगा. मेंढपाळाच्या आणि कोरडवाहू कसणाऱ्याच्या सोबत माळ टिकतो, याचा पुरावा तर माळढोकाच्या अभ्यासातच आहे.

राजस्थानात २०१९ पासून माळढोकाची अंडी आणून पिल्लं वाढवली जाताहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. कौतुकाची गोष्ट आहे. पण पिंजऱ्यातला पक्षी वाढला की त्याला सोडायला माळ लागतो, आणि तो प्रयोगशाळेत तयार होत नाही.

मधल्या जमिनीचा सगळ्यात मोठा धडा मात्र आपल्याला एका वाघानं दिला. यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर नावाचं १४८ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य आहे. वाघ वाढले, जागा तेवढीच. वयात आलेल्या नरानं बाहेर पडावं हा निसर्गाचा नियम. तिथल्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्था आणि वन विभागानं फेब्रुवारी २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ पट्टा घातला. जूनअखेर तो निघाला. पट्टा दर तासाला उपग्रहाकडे त्याचा ठावठिकाणा पाठवी. तो तेलंगणातल्या आदिलाबादेत गेला, नांदेड जिल्ह्यात आला, हिंगोली, वाशीम, अकोला करत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. त्याचं नाव वॉकर पडलं. त्यातला बराचसा रस्ता शेतांतून होता. दिवसा नाल्यात, झुडपात, कापसात पडून राहायचं, रात्री चालायचं. डुक्कर मारलं, गुरं मारली. माणसाशी झटापट एकदाच झाली, हिंगोली जिल्ह्यात, तीही तो जिथं विसावला होता त्या झुडपात लोक घुसले म्हणून. त्यात एक जण जखमी झाला.

शास्त्रज्ञ सांगतात, एखाद्या जातीचे काही काळ तग धरण्यापुरते पन्नास आणि दीर्घकाळ टिकण्यासाठी पाचशे प्रजननक्षम प्राणी हवेत. १९८० मध्ये इयान फ्रँकलिननं हा आडाखा मांडला, त्यावर वाद आहेत, पण मुद्दा पटतो. टिपेश्वरसारख्या बेटावर पन्नास वाघ मावत नाहीत. बेटं एकमेकांना जोडलेली राहिली तरच वाघ टिकेल, आणि ही जोडणी म्हणजे नांदेड-हिंगोलीचे ओढे, नाले, काठाची बाभळी, पिकं. वनखात्याच्या नोंदीत नसलेली जमीन.

वॉकर एकटा नव्हता. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ गौताळ्याच्या अभयारण्यात दिसला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यानं एक वाघ टिपला. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. ते जुळवून पाहिले तर हाही टिपेश्वरचा निघाला. मधे सगळा मराठवाडा पडतो. तो नेमका कुठून आला ते कुणी पाहिलं नाही, कारण याच्या गळ्यात पट्टा नव्हता. येडशीचं अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, म्हणून तो बार्शीकडेही फिरू लागला, गुरं मारू लागला. त्याला पकडून दुसरीकडे न्यायला २०२५ च्या जानेवारीत ताडोब्याहून पथक आलं. वाघानं त्यांना बरेच दिवस दमवलं.

त्या हिवाळ्यात त्या भागात हरभऱ्याला, उसाला पाणी देण्याचे दिवस होते. वाघाचा किंवा बिबट्याचा वावर असलेल्या गावांची पहिली मागणी राज्यभर एकच असते. बंदूक द्या अशी ती नसते, वाघ हाकलून द्या अशीही दर वेळी नसते. शेतीची वीज दिवसा द्या, एवढीच असते. कारण मोटारीला वीज येते ती बरेचदा मध्यरात्रीनंतर, आणि दारं धरायला माणसाला जावंच लागतं. हातात विजेरी आणि काठी, डोक्याला मफलर, पायात चिखल. बाजूला ओढा असतो.